बी तेच, जमीन म्हातारी : अशनी वीररत्ना आणि मेलॅनोमाचं संशोधन

आज आपल्याला मेलॅनोमा या कर्करोगाबद्दल आणि त्यावर वीस वर्षांहून अधिक काळ काम करणाऱ्या अशनी वीररत्ना या संशोधिकेबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात उंदरांपासून करू.

कर्करोगावरचं नवं औषध माणसाला देण्याआधी उंदरांवर तपासलं जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते उंदीर किती वयाचे असतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बहुतेक प्रयोगांत ते सहा ते आठ आठवड्यांचे असतात. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण दोन-अडीच वर्षं जगतो. म्हणजे माणसाच्या हिशेबाने ही नुकतीच वयात आलेली पोरं झाली. आणि ज्यांच्यासाठी हे औषध बनवायचं ते रुग्ण? अमेरिकेत मेलॅनोमाचं निदान होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे असतात.

म्हणजे पोरांवर तपासायचं आणि आजी-आजोबांना द्यायचं, असा हा व्यवहार आहे. यात कारस्थान वगैरे काही नाही. तरुण उंदीर लवकर मिळतात आणि स्वस्त पडतात. म्हातारा उंदीर हवा असेल तर वर्ष-दीड वर्ष त्याला पोसावं लागतं, तेवढा काळ पिंजऱ्याचा, खाण्याचा, माणसांचा खर्च करावा लागतो आणि प्रयोग तितके महिने लांबतो. त्यामुळे सगळेच तरुण उंदीर वापरतात. वीररत्ना यांनी विचारलं, की या सोयीमुळे आपण काय बघायचं चुकवतोय? त्यांना मिळालेलं उत्तर आज आपण समजून घेऊ.

आधी मेलॅनोमा म्हणजे काय

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात, आपण रंगपेशी म्हणू. या पेशी मेलॅनिन बनवतात आणि शेजारच्या पेशींना पुरवतात. उन्हातल्या अतिनील किरणांपासून ते आपलं संरक्षण करतं. रंगपेशींची एक गंमत आहे. त्या मूळच्या त्वचेतल्या नव्हेत. गर्भात त्या पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून चालत चालत सगळ्या अंगावर पसरतात. म्हणजे भटकंती त्यांच्या पिंडातच आहे. या पेशीचा कर्करोग होतो तेव्हा तिची ही जुनी सवय परत जागी होते. मेलॅनोमा हा त्वचेच्या कर्करोगांत संख्येने कमी, पण सर्वांत जास्त जीव घेणाऱ्यांपैकी एक आहे तो यामुळेच. तो पसरतो.

लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने काढून टाकला की बहुतेक रुग्ण बरे होतात. इथे हिशेब मिलिमीटरचा असतो. गाठ त्वचेत किती खोल गेली आहे, यावर पुढचं बरंच काही ठरतं. फुप्फुस, यकृत, मेंदू इथवर पोचल्यावर मात्र २०११ पर्यंत डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. त्या वर्षी दोन वेगळ्या जातीची औषधं आली. एक वेमुराफेनिब. जवळपास निम्म्या मेलॅनोमांत बीरॅफ नावाच्या जनुकात बिघाड असतो. हे औषध त्या बिघडलेल्या प्रथिनाला अडवतं. दुसरं इपिलिमुमॅब. ते शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढतं. २०१४ मध्ये त्याच वाटेवरची पीडी-१ अडवणारी औषधं आली. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना मिळालं ते याच विचारासाठी.

औषधं आली, पण सगळ्यांना सारखी लागू पडेनात. काहींच्या गाठी विरघळायच्या आणि काही महिन्यांत परत उभ्या राहायच्या. काहींना सुरुवातीपासूनच गुण यायचा नाही. असं का, हे शोधायला बहुतेक जण कर्करोगाच्या पेशीतल्या जनुकांकडे वळले. वीररत्ना पेशीच्या आजूबाजूला बघू लागल्या.

लेसोथो ते बेथेस्डा

अशनी वीररत्ना यांचा जन्म श्रीलंकेतला, बालपण मात्र आफ्रिकेत लेसोथोमध्ये गेलं. नकाशात बघितलंत तर हा चिमुकला डोंगराळ देश चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला दिसेल. त्या काळी त्या वेढ्यात वर्णभेदाची राजवट होती. १९८८ मध्ये, सतराव्या वर्षी, त्या शिकायला अमेरिकेत मेरीलँडच्या एका लहान कॉलेजात आल्या. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी कर्करोगाच्या पेशीविज्ञानात डॉक्टरेट केली.

त्यानंतर त्या बेथेस्डाच्या राष्ट्रीय मानवी जनुकसंच संशोधन संस्थेत जेफ्री ट्रेंट यांच्या प्रयोगशाळेत आल्या. हजारो जनुकं एका वेळी चालू आहेत की बंद, हे एका काचपट्टीवर बघण्याचं तंत्र तेव्हा नवीन होतं. या गटाने मेलॅनोमाचे नमुने त्या तंत्राने तपासले आणि २००० साली दाखवून दिलं की सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे मेलॅनोमा जनुकांच्या पातळीवर वेगवेगळ्या गटांत पडतात. हे गट वेगळे करणाऱ्या जनुकांत एक नाव ठळक होतं, विंट-५ए.

विंट हे प्रथिनांचं एक मोठं कुटुंब आहे. गर्भ घडत असताना कोणत्या पेशीने कुठे जायचं, काय व्हायचं, हे निरोप ही प्रथिनं पोचवतात. ज्या प्रथिनाचं काम गर्भात पेशींना वाट दाखवण्याचं, ते भटक्या कर्करोगात वर आलं होतं. वीररत्ना यांनी त्याचा पाठपुरावा केला. २००२ च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवलं की शांत मेलॅनोमा पेशींमध्ये विंट-५ए वाढवलं की त्या जास्त हलू लागतात आणि आजूबाजूच्या ऊतीत घुसू लागतात. म्हणजे विंट-५ए नुसता सोबत फिरणारा साक्षीदार नव्हता, गुन्ह्यात त्याचा हात होता.

या विंट-५ए वर लक्ष ठेवा. आपल्या गोष्टीच्या शेवटी तो परत येणार आहे, आणि वेगळ्याच वेषात.

२००३ मध्ये त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली ती बॉल्टिमोरमधल्या राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेत. करिअरच्या दृष्टीने हे जरा आडवळणच. कर्करोगाची माणसं सहसा कर्करोगाच्या संस्थेत जातात. इथे आजूबाजूला सगळे म्हातारपणाचा अभ्यास करणारे. पण हे आडवळणच पुढे त्यांचा मुख्य रस्ता झालं.

पेरावं तसं उगवतं?

वय वाढलं की कर्करोग वाढतो, याचं नेहमीचं स्पष्टीकरण सोपं आहे. पेशी विभागताना जनुकांत चुका होतात, वर्षानुवर्षं त्या साठत जातात आणि एक दिवस पेशी ताळतंत्र सोडते. हे बरोबरच आहे. पण यातून कर्करोग का सुरू होतो एवढंच कळतं. सुरू झाल्यावर तो तिशीतल्या माणसात आणि सत्तरीतल्या माणसात वेगळा का वागतो, हे त्यातून कळत नाही.

'पेरावं तसं उगवतं' असं आपण म्हणतो. शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, बी तर हवंच, पण जमीन काळी आहे की मुरमाड, वाफसा आला आहे का, तेही बघा. १८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी कर्करोगाबाबत हेच मांडलं. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या सातशेहून अधिक स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कर्करोग शरीरभर कुठेही, कसाही पसरलेला नव्हता. काही अवयवांत तो वारंवार दिसत होता, काहींत जवळपास नाहीच. त्यांनी म्हटलं की कर्करोगाची पेशी हे बी आहे आणि अवयव ही जमीन. मानवेल त्या जमिनीतच बी रुजतं.

वीररत्ना यांनी या सव्वाशे वर्षं जुन्या विचारात काळाची भर घातली. जमीन कायम सारखी राहत नाही, ती म्हातारी होते. तसं असेल तर तेच बी तरुण आणि म्हाताऱ्या जमिनीत वेगळं उगवायला हवं. २०११ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत गेल्या. मेनहार्ड हर्लिन यांच्या कामामुळे ती संस्था मेलॅनोमाच्या अभ्यासासाठी आधीच नावाजलेली होती. हा विचार खरा आहे का, ते त्यांनी तिथे तपासलं.

एकच बी, दोन जमिनी

या प्रयोगाचा निबंध २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये आला. मांडणी अगदी सरळ होती. एकाच जातीच्या मेलॅनोमा पेशी घ्यायच्या. अर्ध्या आठ आठवड्यांच्या उंदरांच्या त्वचेत टोचायच्या, अर्ध्या वर्षभर वयाच्या उंदरांच्या. बी एकच. फरक फक्त जमिनीच्या वयाचा.

काय झालं असेल? आपल्याला वाटेल की म्हाताऱ्या उंदरांत गाठ भराभर वाढली असेल. झालं उलटं. वयस्क उंदरांच्या त्वचेतली गाठ हळू वाढली. पण फुप्फुसं तपासली तेव्हा कर्करोग जास्त पसरलेला सापडला तो या वयस्क उंदरांतच. गाठ लहान आणि धोका मोठा, असा प्रकार.

मग जमिनीत नेमकं काय बदललं, याचा शोध सुरू झाला. त्वचेच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्वचेचा सांगाडा विणायचं आणि डागडुजी करायची, हे त्यांचं काम. आजवर त्यांच्याकडे निव्वळ गवंडी म्हणून बघितलं जायचं. पण या पेशी सतत काही ना काही प्रथिनं बाहेर सोडत असतात, आणि वयाबरोबर त्यांचं हे मिश्रण बदलतं. तरुण आणि वयस्क निरोगी माणसांच्या फायब्रोब्लास्टची तुलना केल्यावर एक प्रथिन वयस्कांत जास्त आढळलं. त्याचं नाव एसएफआरपी-२. हे प्रथिन विंट कुटुंबाच्या निरोपांत अडथळा आणतं.

त्याचा मेलॅनोमा पेशीवर परिणाम साखळीसारखा होतो. एसएफआरपी-२ मुळे पेशीतलं बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन कमी होतं. त्याच्यामागोमाग एमआयटीएफ हा रंगपेशींचा मुख्य नियंत्रक उतरतो. शेवटी डीएनएच्या दुरुस्तीत मदत करणारं एक प्रथिन कमी पडतं. वयस्क त्वचेत ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू आधीच जास्त असतात. दुरुस्तीची व्यवस्था ढिली पडलेली पेशी त्यांच्या माऱ्यात सापडते आणि तिच्या डीएनएची आणखी मोडतोड होते. अशी पेशी मरत नाही. ती जास्त घुसखोर होते आणि बीरॅफ अडवणाऱ्या औषधालाही दाद देत नाही.

कारण खरंच हेच आहे का, याची पडताळणी दोन्ही बाजूंनी केली गेली. तरुण उंदरांना एसएफआरपी-२ दिलं, तर त्यांच्यात कर्करोग जास्त पसरला. वयस्क उंदरांत ते प्रतिपिंडाने अडवलं, तर पसरणं कमी झालं. उंदराचं वय बदललं नव्हतं. वयाने आणलेला एक निरोप तेवढा थांबवला होता. हे महत्त्वाचं आहे, कारण म्हातारपण थांबवणं कोणाच्या हातात नाही, पण एखादं प्रथिन अडवणं हे औषधशास्त्राचं रोजचं काम आहे.

विणकाम आणि चरबी

पुढच्या काही वर्षांत या जमिनीतल्या आणखी गोष्टी उलगडत गेल्या. त्यातल्या दोन बघू.

तरुण त्वचेतलं कोलॅजेन टोपलीच्या विणीसारखं एकमेकांत गुंतलेलं असतं. वीण धरून ठेवायला मदत करणारं हॅप्लन-१ नावाचं एक प्रथिन फायब्रोब्लास्ट बनवतात. वयाबरोबर ते कमी होतं आणि धागे एका दिशेला सरळ होऊ लागतात. या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की अशी बदललेली वीण मेलॅनोमा पेशींना बाहेर पडायला सोयीची ठरते. मात्र कर्करोगाशी लढणाऱ्या टी-पेशींची हालचाल त्याच जाळ्यात अवघड होते. म्हणजे चोराला रस्ता मोकळा आणि पोलीस अडकलेले.

दुसरी गोष्ट चरबीची. वयस्क फायब्रोब्लास्ट स्निग्ध पदार्थ जास्त बाहेर सोडतात. मेलॅनोमा पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या एफएटीपी-२ नावाच्या दारातून ते आत ओढून घेते. औषधाने तिची नेहमीची ऊर्जा तोडली तरी या शिध्यावर ती तग धरते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वयस्क उंदरांत हे दार बंद करून सोबत नेहमीचं औषध दिलं, तेव्हा गाठी जास्त काळ आटोक्यात राहिल्या. आता बघा, फक्त तरुण उंदरांवर काम केलं असतं तर हे दार इतकं महत्त्वाचं आहे हे लक्षातच आलं नसतं.

म्हातारपण नेहमी वाईटच?

इथवर ऐकून असं वाटेल की वय वाढलं की सगळंच बिघडतं. पण २०१८ मध्ये याच गटाने, अनेक रुग्णालयांतल्या डॉक्टरांसोबत, पाचशेहून अधिक मेलॅनोमा रुग्णांची माहिती तपासली. या सर्वांना पीडी-१ अडवणारं औषध दिलेलं होतं. प्रतिकारशक्ती वयाबरोबर क्षीण होते असं आपण धरून चालतो, म्हणजे वयस्कांना या औषधाचा गुण कमी यायला हवा. पण साठीच्या पुढच्या रुग्णांना त्याचा गुण जास्त आला होता.

कारण शोधताना गाठीतल्या पेशींची मोजणी केली गेली. तरुणांच्या गाठीत नियंत्रक टी-पेशींचं प्रमाण जास्त होतं. या पेशींचं काम प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचं. वयस्कांत हा आवर कमी होता, म्हणून औषधाला वाव मिळाला. तरुण उंदरांत या नियंत्रक पेशी कमी केल्यावर त्यांनाही औषध जास्त लागू पडलं.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. सत्तरीच्या रुग्णाला 'आता या वयात कशाला' म्हणून हे औषध नाकारणं, हे नुसतं कठोर नव्हे, चुकीचंही ठरू शकतं. वय हे कारण म्हणून पुढे करण्याआधी वयाचा परिणाम मोजायला हवा.

विंट-५ए परत येतो

आता शेवटचा टप्पा. मेलॅनोमाची पेशी त्वचेतून निघून फुप्फुसात पोचली की लगेच वाढतेच असं नाही. ती तिथे वर्षानुवर्षं झोपून राहू शकते. गाठ काढल्यावर दहा वर्षं ठणठणीत असलेल्या माणसात अचानक कर्करोग उगवतो तो यामुळे. तिला जागं कोण करतं?

२०२२ च्या 'नेचर'मधल्या निबंधात याचं एक उत्तर आलं. तोवर वीररत्ना बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आल्या होत्या. तरुण फुप्फुसात विंट-५ए पेशीला झोपवून ठेवतो. होय, तोच विंट-५ए. त्वचेत पेशीला भटकायला लावणारा. हिंडायचं की वाढायचं, यांतलं एकच काम पेशी एका वेळी नीट करू शकते. विंट-५ए तिला हिंडायच्या बाजूला झुकवतो, म्हणून ती फुप्फुसात पोचते, पण वाढत नाही. वयस्क फुप्फुसातले फायब्रोब्लास्ट एसएफआरपी-१ नावाचं प्रथिन जास्त सोडतात. ते विंट-५ए ला अडवतं आणि झोपलेली पेशी वाढू लागते.

२००२ मध्ये ज्या प्रथिनाला आरोपी ठरवलं, तेच २०२२ मध्ये काही काळापुरतं पहारेकरी निघालं. वीस वर्षांपूर्वीचा निष्कर्ष चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्वचेत की फुप्फुसात, तरुण की म्हातारं, हे विचारल्याशिवाय विंट-५ए चांगला की वाईट हे सांगताच येत नाही. आणि औषध बनवणाऱ्यांसाठी ही धोक्याची सूचनाही आहे. विंट-५ए सरसकट अडवलं तर त्वचेतली भटकंती थांबेल, पण फुप्फुसातली झोपलेली पेशी उठेल.

या कामातून निघालेलं औषध अजून दुकानात मिळत नाही, हेही सांगायला हवं. पण मेलॅनोमाचा प्रयोग आखताना 'उंदीर किती वयाचा?' हा प्रश्न आता रास्त मानला जातो. वीररत्ना यांनी मेलॅनोमा संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद भूषवलं, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली, आणि 'कर्करोग अटळ आहे का?' असा प्रश्न शीर्षकातच विचारणारं पुस्तक त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

प्रश्न : मेलॅनोमा हा गोऱ्या लोकांचा रोग ना? आपल्याला त्याची काळजी कशाला?

भारतात तो खरोखरच कमी दिसतो. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन आपल्याला बरंच वाचवतं. पण मेलॅनोमाचा एक प्रकार तळपाय, तळहात आणि नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही आणि सावळ्या माणसांत मेलॅनोमा झाला तर बऱ्याचदा तो या जागी असतो. गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो झाला होता. १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ते गेले. आपल्याकडची अडचण अशी की तळपायावरच्या काळ्या डागाला आपण भोवरी, ठेच किंवा काटा समजून सोडून देतो. तळपायावरचा तीळ वाढत असेल, आकार-रंग बदलत असेल, जखम भरत नसेल, किंवा एकाच नखावर काळी रेघ उमटून रुंद होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा काही निघणार नाही. पण आधी सांगितलं तसं, इथे हिशेब मिलिमीटरचा आहे.

प्रश्न : माझे वडील पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. या संशोधनातून मी काय घेऊ?

डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा. 'या औषधाची चाचणी झाली तेव्हा त्यात यांच्या वयाचे किती रुग्ण होते?' कर्करोगाच्या चाचण्यांत वयस्क रुग्ण प्रत्यक्षातल्या प्रमाणापेक्षा कमी घेतले जातात, हे जगभर मान्य झालेलं आहे. दर वेळी नेमकं उत्तर मिळेलच असं नाही. पण आपल्यासारख्यांनी हा प्रश्न विचारत राहिलं, तर पुढच्या चाचण्यांत तरी त्या वयाची माणसं असतील.